घर आधी, नाव शेवटी

प्रिय पोकुआ,

या दोन हातांनी मी काय काय केलं ते आधी लिहितो. बंद पडलेल्या सिनेमागृहातून भंगारात आलेल्या यंत्राचा ॲम्प्लिफायर. त्याचा ट्रान्सफॉर्मर मी स्वतः गुंडाळला, तार तारेवर न चढवता, शेजारी शेजारी. चार कर्णे. त्यांतले दोन ॲल्युमिनियमच्या परातींचे आहेत, आणि कोणते दोन ते आजवर एकाही माणसाला ओळखता आलेलं नाही. कर्ण्यांचा सागाचा खांब. तो वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये मुरवून उभा केला, म्हणून वाळवीने अजून त्याच्याकडे वळून पाहिलेलं नाही. सायकलच्या चिमट्यापासून केलेला माइकचा स्टँड. अंड्यांचे ट्रे आणि सावरीच्या कापसाच्या गाद्या ठोकून केलेली बोलायची खोली, जिच्यात बाहेर मक्याची गिरणी चालू असली तरी तुला तुझाच श्वास ऐकू यायचा. आणि तुझं स्टूल. त्याचे पाय मी दोनदा कापले, कारण तू बसलीस की हनुवटी माइकच्या किंचित वर यायची आणि 'स' शिट्टी मारायचा. यातली एकही गोष्ट मला कुणी शिकवली नाही.

हे सगळं तुला ठाऊक आहे. तरी लिहिलं, कारण गेल्या गुरुवारी एक माणूस आपल्या या कर्ण्यांच्या केंद्राच्या दारात उभा राहिला, खांबापासून खोलीपर्यंत नजर फिरवली आणि मला म्हणाला, "मास्टर, तुमच्याकडे विकण्याजोगी एकच वस्तू आहे." आणि ती वस्तू वरच्या यादीत नाही. तो माणूस म्हणजे तुझा सेलोर्म. तू त्याच्या गाडीत बसून अक्राला गेलीस तेव्हापासून मी त्याला याच नावाने ओळखतो. त्याला तुझ्या आवाजाच्या टेप हव्या होत्या, तू केंद्रात होतीस त्या चौदा वर्षांच्या, सगळ्या. त्या मिळाल्या की तू पुढे कधीच तोंड उघडलं नाहीस तरी चालेल. त्याच्या फोन कंपनीचं यंत्र तुझ्या आवाजात बोलत राहील, ज्याने जे टाइप करावं ते. मी काय उत्तर दिलं ते तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये. आणि फोनवर सांगायचं तर फोनही त्यांचाच. म्हणून हे पत्र डुफीमावशीच्या कोनफळांच्या लॉरीतून येतंय, ड्रायव्हरच्या सीटखालून. तुझा पत्ता कुठून मिळाला ते पुढे येईलच.

केंद्राचं म्हणशील तर उभं आहे. पहाटे मी अजून कर्णे लावतो, आधी त्यांच्या नळ्यांतून सुतळी ओढून धूळ काढून. पण पूर्वी बाजाराच्या दिवशी या खोलीबाहेर बाकड्यावर जागा मिळायची नाही, आठवतं? कुणाची शेळी हरवली, कुणाचा कांद्याचा ट्रक येतोय, कुणाच्या नातीचं बारसं, कुणाला भाड्याने खोली द्यायचीय. सगळं टेचिमान तुझ्या तोंडाशी रांगेत उभं असायचं, आणि तुझ्या तोंडापुढे माझा माइक. आता शेळीसुद्धा फोनवर शोधतात. तिचा फोटो टाकतात! शेळी परत येते तेव्हा तिला बिचारीला माहीतही नसतं की अर्ध्या गावाच्या खिशात ती जाऊन आली. माझ्याकडे उरलेत मृत्यू आणि हरवलेली मुलं. मध्यंतरी मृत्यूही कमी झाले होते. म्हणजे माणसं मरत होती, माझ्याकडे येत नव्हती.

ती गेली 'पोकुआ'कडे. तू हसशील, पण सेलोर्मच्या कंपनीच्या त्या फोनसेवेला इथे कुणी तिच्या खऱ्या नावाने हाक मारत नाही. व्यापारी फोनवर भाव टाइप करतो आणि बाजारातल्या सगळ्या बायकांच्या फोनमध्ये तो तुझ्या आवाजात ऐकू येतो. वाचता न येणाऱ्या बाईला याहून चांगली सोय नाही, हे मला मान्य करावं लागतं आणि मान्य करताना दात दुखतात. डुफीमावशी कोनफळ विकणाऱ्यांची राणी, बाकीच्या जणी तिच्या शब्दावर चालतात; तिला सही करता येत नाही, पण आता कुमासीचा भाव तिला कुमासीवाल्यांच्या आधी कळतो. "पोकुआ लावली का गं?" "माझी पोकुआ सकाळपासून बंद आहे." "थांब, पोकुआ काय म्हणते ऐकू दे." असं दिवसभर. मासळीवाली, हमाल, ट्रकचे क्लिनर, ज्यांनी तुला उभ्या जन्मात पाहिलं नाही ते. परवा लॉरीस्टँडवर एक ड्रायव्हर दात कोरत म्हणाला, "बायकोशी भांडण झालं की मी पोकुआ कानाला लावून झोपतो." सगळे खो खो हसले. मी त्याचा रेडिओ दुरुस्त करत होतो. रेडिओ मी नीटच दुरुस्त केला, कामात मी लबाडी करत नाही. पण आवाज वाढवायचं बटण जरा घट्ट बसवलं.

मी ती सेवा कधी घेतली नाही. ज्या आवाजासाठी मी अंड्यांचे ट्रे गोळा करत दारोदार फिरलो तो पैसे भरून ऐकायचा? मला वाटायचं, तू सेलोर्मच्या थंडगार खोलीत बसली आहेस, समोर काचेचा ग्लास, आणि दिवसभर टेचिमानच्या टोमॅटोचे भाव वाचते आहेस, आणि काचेपलीकडून तो मान डोलावतोय. त्या मान डोलावण्याचाच मला जास्त राग यायचा. एक मात्र लिहून टाकतो, कारण हे पत्र अर्धवट खरं लिहायचं असतं तर मी लिहायलाच बसलो नसतो. फोनमधले पैसे संपले की कंपनीच्या जुन्या संदेशात तू बोलतेस: "तुमची शिल्लक संपली आहे, कृपया पैसे भरा." ते तू खरोखर म्हटलेलं आहेस, 'कृपया'च्या आधी तू श्वास घेतेस. मी पैसे भरत नाही. लोकांना वाटतं मास्टर क्वाजो कंजूष आहे. दिवसातून एकदा मी कुणालातरी फोन लावतो, जो लागणार नसतो.

तू गेलीस त्याचं कारण मला कुणी सांगायची गरज नव्हती, मी ते पाहिलं होतं. सेलोर्म टॉवरच्या कामासाठी आला होता, रोज दुपारी आपल्याकडे मायलो प्यायला बसायचा आणि माझ्या ॲम्प्लिफायरची तारीफ करायचा. मला ती आवडायचीसुद्धा, बघ. मग एक दिवस त्याने त्याच्या पिशवीतून हेडफोन काढले, तुझ्या कानांवर ठेवले आणि तुला तुझाच आवाज ऐकवला. तू डोळे मिटलेस. तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्या आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्या खोलीत, माझ्या स्टुलावर, दुसऱ्या माणसाच्या वस्तूमुळे आलं. माझ्याकडेही हेडफोन होते, पण एकाच कानाचे. दुसरा कान मी ट्रान्झिस्टरसाठी काढून वापरला होता. गावातल्या प्रत्येक कोंबडीपर्यंत तुझा आवाज मी पोचवला. तुझ्यापर्यंत त्याने पोचवला. याचा हिशेब मी अजून मिटवलेला नाही.

आता काय झालं ते. डुफीमावशीचा थोरला भाऊ आग्येकुम कुमासीच्या दवाखान्यात वारला. उशाशी तिचा जावई बाफो होता. चांगला मुलगा, चपळ, कांद्याचा व्यापार करतो, आणि चपळपणा हाच सगळ्या दुखण्यांवर इलाज असं त्याला वाटतं. घरी निरोप पाठवायचा, मग घरच्यांनी जिनची बाटली घेऊन घराण्याच्या कर्त्या ओबेंगमामांपुढे बसायचं, मामांनी ऐकून घ्यायचं, आणि मग बाहेर शब्द काढायचा, ही एवढी वाट त्याला लांब वाटली. रोज भाव टाइप करतो तिथेच त्याने मामेसासऱ्यांचा मृत्यू टाइप केला. त्या वेळी ओबेंगमामा लॉरीस्टँडजवळ कडुलिंबाखाली सोंगट्यांचा डाव खेळत बसले होते. समोरच्या माणसाच्या सदऱ्याच्या खिशातून तुझा आवाज आला. पांढऱ्या मक्याचा भाव चढला. आग्येकुम वारले. कांद्याच्या गाड्या उद्या दुपारी. एकाच सुरात, एकामागून एक. मामांची सोंगटी हातातच होती. ती त्यांनी भलत्याच घरात ठेवली आणि विचारलं, "कोण वारलं म्हणाली?" समोरच्याने खिसा दोन्ही हातांनी दाबून धरला, जणू आत साप आहे.

मामा उठले, काठी घेतली आणि घरी जाऊन अंगणात बसले. जो येईल त्याला एकच उत्तर: "मला कुणी काही सांगितलेलं नाही. तेव्हा कुणी वारलेलं नाही." बाफो बाटली घेऊन गेला, बाटली परत आली. मेंढा घेऊन गेला, मेंढा परत आला. आग्येकुम कुमासीला शवागारात आणि इकडे घरात मरणच नाही. अंत्यविधीचा दिवस ठरेना, शोकाचं काळं-लाल कापड काढता येईना. डुफीमावशीच्या डोळ्यांतून पाणी आलं की सुना म्हणायच्या, कांदा चिरत होत्या म्हणून सांगू. सख्ख्या भावासाठी तिला रडायची परवानगी नव्हती.

आणि बाफोला कुणी फारसं बोललं नाही, कारण आवाज त्याचा नव्हता. आवाज तुझा होता. चौथ्या दिवशी डुफीमावशी माझ्या दारात येऊन उभी राहिली, कमरेवर हात. "मास्टर! कुठे आहे तुझी ती पोकुआ?" मी म्हटलं, "माझी कुठली? अक्राची झाली ती." "तुझ्याच स्टुलावर बसून शिकली ना बोलायला? शहरात जाऊन रीत विसरली रांड! माझ्या भावाला मक्या-कांद्याच्या मधे घातलं तिने!" शिवी दिली तिने, जशीच्या तशी लिहितो, तू तिला ओळखतेस. आणि आता दुसरी गोष्ट जशीच्या तशी लिहितो: मला बरं वाटलं. एक तर ती 'तुझी पोकुआ' म्हणाली, म्हणून. आणि इतकी वर्षं सगळा बाजार तुला खिशात घेऊन मिरवत होता, त्याच बाजाराने त्या दिवशी तुला खिशातून काढून जमिनीवर टाकलं, म्हणूनही. म्हटलं, गेलीस ना त्याच्याबरोबर? घे आता. मी मावशीला बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि त्या आनंदातच म्हटलं, "मावशी, ऐकव तरी काय म्हणाली ती."

तिच्या सुनेने साठवून ठेवलं होतं. एकदा फोनवर ऐकलं. मग फोन ॲम्प्लिफायरला जोडला आणि खोलीत ऐकलं. आणि पोकुआ, माझा आनंद तिथेच संपला, कारण ती तू नव्हतीस. आवाज तुझा, पट्टी तुझी, 'र' उच्चारताना तुझी जीभ जशी अडते तशी अडलेली, पण मक्यापासून कांद्यापर्यंत एकही श्वास नाही. बिनश्वासाचं माणूस बोलतं का? आणि त्याहून मोठी गोष्ट, नाव आधी आलं. तू नाव आधी घेतलं असतंस? पहिल्याच वर्षी तू सरळ नाव घेऊन एक मृत्यू सांगितलास आणि समोर बोफ्रोट तळणारी बाई, त्या माणसाची बहीण निघाली, तेलाच्या कढईवर कोसळता कोसळता वाचली. दुसऱ्या दिवशी तू स्टुलावर बसण्याआधी मला म्हणालीस, "आजपासून घर आधी. मग आईकडचं घराणं. मग श्वास. नाव शेवटी. ज्यांचं आहे त्यांना खाली बसायला वेळ मिळाला पाहिजे." मला तेव्हा वाटलं होतं वीज वाया जाईल. पुढे सगळ्या गावाला सवय झाली. तू घर सांगायला लागलीस की त्या वाटेवरच्या बायका हातातलं भांडं खाली ठेवायच्या.

मावशीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "यंत्र? यंत्राला माझ्या भावाचं काय पडलंय?" मी म्हटलं, "तेच तर. त्याला काहीच पडलेलं नाही." पण ती एकटी समजून उपयोग नव्हता, मामा समजायला हवे होते, आणि मामा यायला तयार नव्हते. "कुणी वारलेलंच नाही, तर मी तुझ्याकडे ऐकायला काय येऊ?" तेव्हा मी म्हटलं, "मामा, तुमचा रेडिओ किती दिवस खरखरतोय. घेऊन या, समोर बसून करून देतो." रेडिओ घेऊन आले. मी त्यांना तुझ्या स्टुलावर बसवलं, डुफीमावशी आधीच कोपऱ्यात बसली होती, बाटली पदराखाली. रेडिओ उघडला, स्क्रू ओळीने मांडले, आणि काम करता करता एक टेप लावली. त्यांच्या बहिणीची. न्यार्कोआजी वारली तेव्हाची.

"नदीकडच्या वाटेवर, दोन आंब्यांचं घर." तू म्हणालीस. कर्णे बंद होते, फक्त खोलीत. "त्या घरातल्या, ओबेंग यांच्या पाठच्या." मामांनी काठी दोन्ही हातांनी धरली. मग तुझा श्वास. तो टेपवर इतका स्पष्ट आहे की कोपऱ्यातून डुफीमावशीनेही श्वास घेतला. मग आजीचं नाव. मामांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "पुन्हा लाव." पुन्हा लावली. म्हणाले, "त्या दिवशी मी विहिरीवर होतो. 'दोन आंब्यांचं घर' ऐकलं आणि पोहरा खाली ठेवला. नाव आलं तेव्हा मी बसलेला होतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशीच्या खिशातली ही पोरगी नव्हती." आणि कोपऱ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात: "डुफी, तू मला काही सांगायला आली होतीस ना?" मावशी पुढे आली, गुडघ्यावर बसली, बाटली पायाशी ठेवली आणि सांगितलं. सांगून झाल्यावर ती रडली. अख्खं आठवडाभराचं.

दुसऱ्या दिवशी कर्ण्यांवरून मीच सांगितलं, दुसरं होतं कोण? घर आधी, नाव शेवटी. संध्याकाळी मामा म्हणाले, "आवाज तुझा रंधा मारल्यासारखा आहे, पण क्रम बरोबर होता." या गावात मला मिळालेली ही सगळ्यांत मोठी शाबासकी. त्यानंतर बाजारातल्या राण्या एकत्र बसल्या, कोनफळवाली, टोमॅटोवाली, सुकी मासळीवाली, आणि ठरलं की भाव फोनवर, मृत्यू खांबावर. अर्ध्या बायकांनी तर रागाने सेवाच बंद केली. म्हणजे आता तुझं नाव इथे स्वच्छ आहे. हे मी केलं असं म्हणणार नाही, तुझ्या श्वासाने केलं. टेप मात्र माझी होती, आणि दर हिवाळी वाऱ्यात मी ती पुन्हा गुंडाळून ठेवत आलो म्हणून ती वाजली.

याच गोष्टीचा बोभाटा अक्रापर्यंत गेला आणि गुरुवारी सेलोर्म आला. पोट सुटलंय त्याचं, हे मला नोंदवलंच पाहिजे. मायलो मागितला. मी दिला, साखर न विचारता. म्हणाला, "मास्टर, तिने आमच्याकडे वाचलेल्या भावांवरून यंत्राला बाजार येतो, शोक येत नाही. तो शिकवायला आमच्याकडे तिचा काही माल नाही. आणि तुमच्याकडे मृत्यूच मृत्यू आहेत." मी म्हटलं, "माल?" तो म्हणाला, "शब्द धरून बसू नका हो. विचार करा, तुमच्या मागे या टेपांचं काय होणार? उंदीर खातील. आमच्याकडे ती कायम राहील. कधी म्हातारी होणार नाही, कधी दमणार नाही." मी विचारलं, "तिला विचारलंस?" "तिला कशाला मधे आणायचं? टेप तुमच्या, केंद्र तुमचं, माइक तुमचा. आमचे वकील म्हणतात, ज्याची टेप त्याचा आवाज."

कागद मी घेतला आणि वाचला. मी कागद कसा वाचतो ते तुला माहीत आहे, वीजबिल वाचताना तू जांभया द्यायचीस. तो दोनदा म्हणाला, "नेहमीचाच मजकूर आहे." मी वाचत राहिलो. तुझ्या सहीची जागा कुठे दिसेना. मी ते विचारलं. "लागत नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, "का लागत नाही? घरातच आहे ना? जेवताना घे." तो माझ्याकडे बघतच राहिला. "कुणाच्या घरात?" मी म्हटलं, "तुझ्या." तेव्हा तो हसला, मास्टरची कीव येऊन हसला, आणि म्हणाला, "माझी बायको-मुलं होहोएला आहेत, मास्टर. तुमच्याकडे मायलो पीत होतो तेव्हाही होती. पोकुआ माझ्या घरात कधी राहिली? आणि आता तर कामावरही नाही. यंत्रासाठी दहा हजार वाक्यं वाचून द्या म्हटलं, तर तिने कागद वाचला आणि पर्स उचलून चालायला लागली. ईस्टरपासून टाकोराडीला आहे कुठल्याशा लहान रेडिओवर. मासेमारांना हवामान सांगते." आणि मग चिडून, "तिने सही केली असती तर मी इथे या धुळीत आलो असतो का?"

या बातमीने मला काय वाटलं ते व्यवस्थित सांगता येणार नाही, प्रयत्न करतो. इतकी वर्षं मी ज्याचा मत्सर केला तो माणूस चुकीचा निघाला. मी त्याच्या शर्टांचा, गाडीचा, हेडफोनचा, तुझ्या ताटातल्या फुफूचासुद्धा मत्सर केला. तो सगळा वाया गेला. आता कुणाचा करायचा ते कळत नाही. टाकोराडीच्या मासेमारांचा चालू केलाय. पहाटे होडी ढकलताना तू त्यांना वारा सांगतेस म्हणे. वाऱ्याच्या आधी काय सांगतेस, आणि श्वास कुठे घेतेस, हे त्यांना कळत असेल का? डुफीमावशीच्या लॉऱ्या टाकोराडीला जातात; ड्रायव्हरने तुझं स्टेशन एका दिवसात शोधून काढलं. म्हणाला, मास्टर, ती बारीक झालीय आणि कानावर हेडफोन असतात.

आता उत्तर. त्या कागदावर एक ओळ होती: 'आवाजाचा मालक', आणि तिच्यापुढे टाइप केलेलं माझं पूर्ण नाव, आम्पोन्सेममधलं एक अक्षर न चुकता. त्या ओळीवर मी बोट ठेवून बसलो, ते बराच वेळ उचललं नाही. सेलोर्मला वाटलं मी अडखळतोय. मी अडखळत नव्हतो. आयुष्यभर कुणीतरी म्हणावं असं मला जे वाटत होतं ते हे लोक टाइप करून घेऊन आले होते. तू गेलीस त्या संध्याकाळी असा कागद माझ्या हातात असता तर मी तो चारही कर्ण्यांवरून वाचला असता. पण मी ती ओळ पुढेही वाचली. मालक मी व्हायचं ते सही करेपर्यंत, आणि सही केली की तू सगळ्यांची. त्या दात कोरणाऱ्या ड्रायव्हरचीसुद्धा. तुला नको होतं म्हणून मी नाही म्हटलं असं लिहिलं तर तुला मी आवडेन. ते खरं आहे, पण दुसऱ्या क्रमांकावर. पहिल्यावर हे, की मला तू वाटून द्यायची नव्हतीस. म्हणून टेपही पाठवत नाही. लॉरीतल्या उन्हात त्या वाकतील, आणि हे कारणही दुसऱ्या क्रमांकाचं आहे. त्या तुझ्या आहेत असं तू म्हणालीस तर मी वाद घालणार नाही, पण ते इथे, समोर उभं राहून म्हणावं लागेल. पेन मी टोपण लावून परत दिलं. मी नाकारलेली बोली अशी होती: चौदा वर्षांच्या सगळ्या टेप, त्यांतून हवं ते, हव्या त्याच्यासाठी बोलवून घ्यायचा कायमचा हक्क, तुला न विचारता. पंच्याऐंशी हजार सेडी.

तुझाच, मालक सोडून जे काही असेल ते,
क्वाजो